परसातला डोंगर

आज सकाळी तोंडात राखुंडी आणि हातात तांब्या घेऊन परसात गेलो आणि चूळ भरायचीच विसरलो. मुरमाच्या उंचवट्यावर, कुंपणाच्या वईकडच्या तिसऱ्या ताटाला कारवीचं पहिलं फूल उमललं होतं. एकच. निळं म्हणावं तर जांभळ्याकडे झुकणारं आणि जांभळं म्हणावं तर निळेपण न सुटलेलं. बाकीचे तुरे अजून हिरवे, चिकट, मिटलेले. सगुणेला हाक मारावी असं मनात आलं, तेवढ्यात चुलीपुढून तिचाच आवाज आला, "बघितलंत का? मी सकाळीच बघितलं." तिची सकाळ माझ्या सकाळच्या आधी केव्हातरी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नेमकी केव्हा होते ते मला अजून कळलेलं नाही.

कारवी म्हटली की आमच्या खालापूर-कर्जतच्या माणसाला फूल आठवत नाही, कुड आठवतो. डोंगरावरून कारवीच्या काठ्या आणायच्या, बांबूच्या कांबींनी एकीला एक आवळायच्या, वर माती आणि शेण लिंपायचं, झाली भिंत. माझा जन्म कारवीच्या कुडाआड झाला आणि मरणही तिथंच येईल. त्यामुळे ही काठी जिवंत असते, तिला पानं येतात, हे आम्हाला ठाऊक असूनही ठाऊक नसतं. फुलाचं तर बोलायलाच नको. सात पावसाळे नुसता पाला आणि मग एकदा फूल, ते आलं की झाड खलास. कुणी सात म्हणतं, कुणी आठ. कारवी काही शाळेत गेलेली नाही, तिचा हिशेब तिचा तिला.

मी मात्र शाळेतच जन्म काढला. खालापुरात मराठी शाळेचा मास्तर झालो, त्या वैशाखात सगुणेशी लग्न झालं. तिचं माहेर पोशीरच्याही पुढं, भीमाशंकराच्या डोंगराच्या पायथ्याला. घर भातशेतीवाल्यांचं, पण वाडी अशी, की दाराबाहेर पाऊल टाकलं की चढ लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ती माहेरी गेली आणि परत आली ती ओच्यात पळसाच्या पानांत गुंडाळलेली रोपं घेऊन. मला वाटलं मोगरा असेल, अबोली असेल. पाहतो तर कारवी! माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, मानसं जंगलातनं घरी येतात, तू जंगलच घरी घेऊन आलीस व्हय?"

सगुणा आईला उलट बोलत नसे. तिनं संध्याकाळी परसाच्या कोपऱ्यात रोपं लावली आणि महिनाभरात ती सगळी कुजली. आमचं परस म्हणजे भाताच्या खाचराचंच भावंड, पावसाळाभर पाणी तुंबलेलं. चढावर वाढणाऱ्या कारवीला ते कसं मानवणार? मी मास्तरी थाटात म्हणालो, "ज्याची जागा त्याला शोभते." पण भातकापणी झाल्यावर रोज ओढ्यावरून येताना डोक्यावर हंडा आणि काखेत एक दगड, असं तिचं सुरू झालं. एक दिवस घमेल्यानं मुरूम आला. शिमग्यापर्यंत परसाच्या कोपऱ्यात माझ्या छातीएवढा उंचवटा उभा राहिला, एका अंगाला उतार असलेला, फटीफटींतून दगड डोकावणारा. पुढच्या श्रावणात माहेराहून तिनं पुन्हा रोपं आणली. तीच, आदल्या सालच्याच बियांची, आता वीतभर वाढलेली. त्यांना तिनं शेणखत घातलं नाही. "माजली तं नुसता पाला येतो," म्हणाली. गुरं येऊ नयेत म्हणून भोवती निवडुंग लावला. गावात बातमी पसरली की मास्तरणीनं डोंगर आणलाय. शाळेतली पोरं मला चुकवून तो बघायला येत.

या खटाटोपाचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. तिच्या वाडीत लेकीला दर सणाला माहेरी आणतातच असं नाही. पण डोंगर फुलला की लेक आलीच पाहिजे. फुलोऱ्याचं माहेरपण म्हणतात त्याला. मग सगळ्या लेकी दुपारच्या चढावर जाऊन बसतात, भाकरी आणि ठाकरांनी आणलेला मध खातात आणि सासरची गाऱ्हाणी मधमाश्यांच्या आवाजात मिसळून टाकतात, म्हणजे ती कुणाला ऐकू जात नाहीत. सगुणेनं असा एकच फुलोरा पाहिला होता, लग्नाच्या आदल्या साली. रोपं देताना तिच्या बानं, म्हणजे वडिलांनी, तिला सांगितलं होतं, "ही आन डोंगरावरची एकाच बियाची हायत. तुझ्या परसात फुललं की समज, डोंगर फुलला. सांगावा यायची वाट बघू नको, निघून ये. आन मला वाट बघायला लावू नको."

म्हणजे ती बाग नव्हती, तो निरोप होता. सात वर्षांनी वाचायचा.

सात वर्षं म्हणजे किती, हे त्या कोपऱ्याकडे पाहून कळे. पावसाळ्यात हाताएवढाली खरखरीत पानं, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या. येणारा जाणारा विचारी, "मास्तर, ही वाळकी काटकं कशाला ठेवलीत?" मी हसून वेळ मारून नेई. खरं सांगायचं तर मलाही ती मेलेलीच वाटत. आईनं दोनदा त्यातल्या काठ्या वालाच्या वेलाला मागितल्या. सगुणेनं दोन्ही वेळा ओढ्याकाठच्या कुठल्या कुठल्या काठ्या आणून दिल्या, पण या दिल्या नाहीत.

आणि मग तो भाद्रपद आला. मी तो जन्मभर विसरायचा नाही. सकाळी पाहिलं तर उंचवट्यावर चार फुलं, दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस, आठवड्यानं मोजदाद संपली. सगळा कोपरा निळा झाला. ऊन चढलं की मधमाश्यांचा असा घुमारा उठे, की शेजारच्या पडवीतली बाई विचारी, तुमच्याकडे जात्यावर कोण दळतंय? तुऱ्यांना हात लागला तर बोटं चिकट होत आणि त्यांना राळेसारखा उग्र वास येई. सगुणा त्या दिवसांत चालत नव्हती, तरंगत होती. पहिल्याच दिवशी तिनं लुगड्याचं गाठोडं बांधून खुंटीला लावलं आणि मला म्हणाली, "अवो, डोंगर फुलला. मला धाडा."

मी म्हणालो, "गणपती होऊ देत."

गणपती झाले. शाळा तपासायला साहेब येणार होता. आज येतो, उद्या येतो करत तो पंधरा दिवस आलाच नाही. तो येऊन गेला तर आई ओट्यावरून घसरली आणि तिचा पाय सुजला. मग पोशीरच्या नदीला पाणी आहे असं कुणी सांगितलं. मधे तिच्या बाचा सांगावा आला, बाजाराला आलेल्या माणसानं आणला, की डोंगर निळा झालाय, लेकीला धाडा. मी त्याच माणसाबरोबर उलट सांगावा धाडला, "नवरात्र झाल्यावर पाठवतो." सगुणा दाराआड उभी होती. माणूस गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मास्तर, फूल थांबत नाय." ती एरवी मला "अवो" म्हणते. रागावली की मास्तर म्हणते.

मी दिलेल्या कारणांत खोटं एकही नव्हतं. म्हणून तर आजही लाज वाटते. खोटं असतं तर ते कबूल करून मोकळा झालो असतो. ती सगळी कारणं खरी होती आणि तिच्या एका दुपारीपुढं त्यांची काहीच किंमत नव्हती, हे मला त्या वेळी दिसलं नाही. गाठोडं खुंटीलाच राहिलं. दसऱ्याला फुलं गळून उंचवट्याखाली त्यांचा सडा पडला. मग दिवाळी, मग कापणी, मग झोडणी. मार्गशीर्षात आम्ही निघालो तेव्हा त्या झाडांवर नुसती तपकिरी बोंडं उरली होती. निघताना सगुणेनं त्यातला एक वाळका तुरा तोडून पदराला बांधला.

आणि निघण्याआधी मी एक शहाणपण केलं. स्वयंपाकघराचा मागचा कुड पाऊस खाऊन खचला होता. बायकोचं मन दुखावलंय हे कळण्याइतका मी काही दगड नव्हतो. वाटलं, आपण परत येऊ तेव्हा नवा कुड उभा दिसावा, तिला बरं वाटेल. कुड घालणाऱ्या गोमाला बाजूला घेऊन म्हणालो, "आम्ही येईपर्यंत उरकून टाक. काठ्यांसाठी डोंगरावर जायला नको, परसात आहेत की. फूल येऊन गेलं, आता त्यांचा काय उपयोग?" या भागात जन्मलेला कुठलाही पुरुष हेच म्हणाला असता. वाळकी कारवी दिसली की आम्हाला भिंतच दिसते.

कर्जतहून आगगाडीनं नेरळ, पुढं बैलगाडी. वाडीत पोचलो तर सासरे ओटीवर घोंगडीवर बसलेले. डोळे उघडे, पण भलतीकडेच लागलेले. दोन वर्षांपासून कमी दिसत होतं, पावसाळ्यात होतं नव्हतं तेही गेलं. हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनीच कळवू दिलं नव्हतं.

"सगुणा आली व्हय गं?" त्यांनी पायरव ऐकून विचारलं.

"आली, बा."

"डोंगर फुललावता. मला नाय दिसला. ह्या पोरांना इचारतो, कसा व्हता रं? तं म्हणतात, निळा व्हता. निळा व्हता! त्येवढं तं मलाबी ठावं हाय. तू बघितलास का गं?"

सगुणेनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या पायाशी बसली, पदराची गाठ सोडली, वाळका तुरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बघितला की, बा. सगळा बघितला."

मग ती सांगू लागली. "पयल्या दिशी चारच व्हती. उगवतीच्या अंगाला, जिथं दगड हायत तिथं. मग खालनं वर चढत गेलं. एक फांदी दगडाच्या फटीतनं वाकडी आलीवती, तिला सगळ्यात उशिरा आलं, पण सगळ्यात दाट आलं. पावसाची सर येऊन गेली की फुलं खाली बघायची आन ऊन पडलं की मान वर करायची. वारा आला की सगळा डोंगर एकदम नाय हलायचा, खालचं आधी, वरचं मागनं. माश्या यवढ्या, की बोललेलं ऐकू यायचं नाय."

मी खांबाला टेकून ऐकत होतो. ती वाकडी फांदी मला ठाऊक होती. तो दगड तिनं कुठल्या दिवशी काखेतून आणला तेही आठवत होतं. माझ्या छातीएवढ्या उंचवट्याचा ती भीमाशंकराएवढा डोंगर करत होती आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी अडवलेली दुपार ती तिच्या बाला अशी परत देत होती. म्हातारा तो तुरा नाकाशी धरून, बोटांना लागलेली चिकटी एकमेकांवर घासत, हं हं करत होता. शेवटी म्हणाला, "मंग बराबर फुलला."

चार दिवसांनी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. हात चाचपत माझा खांदा धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जावयबुवा, तुमच्या परसातला डोंगर लई चांगला फुलला म्हणायचा." त्यांना सगळं कळलं होतं. ते हसत होते. मला हसता आलं नाही.

परत आलो तर गोमानं सांगितलेलं काम चोख केलेलं. एरवी गोमा कधी वेळेवर आला नाही, तो नेमका तेव्हाच आला. स्वयंपाकघराचा नवा कुड उभा, लिंपण अजून ओलं, शेणाचा वास घमघमत होता. आणि परसात उघडा उंचवटा. सगुणा दारात थबकली, आधी कुडाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. मी घाईनं म्हणालो, "तुझ्यासाठीच करून घेतला." ती म्हणाली, "त्यात बी व्हतं, मास्तर." आणि चूल पेटवायला गेली. कारवीचं बी बोंडातच राहतं, पुढच्या पावसाची ओल लागल्याशिवाय ते बाहेर पडत नाही, हे तिनं मला भांडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते सांगितलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी गोमाकडून ऐकलं.

त्याच उन्हाळ्यात सासरे गेले. सगुणा जाऊन आली. आल्यावर बोलायची, जेवायला वाढायची, आईचे पाय चेपायची, पण हसायची नाही. परसात जायची ती दुसऱ्या बाजूनं. मी तिला रोपं आणून देतो म्हणालो. ती म्हणाली, "कुनाकडनं? बा गेला."

ज्येष्ठातली एक दुपार. आभाळ खाली आलेलं, अंगाला घाम आणि हवेला ओल. दोन दिवस पावसाचं शिरवं येऊन गेलं होतं, कौलांतून कुडाच्या डोक्यावर थेंब गळत होते. आमच्याकडे स्वयंपाकघराचा कुड वर वीत-दीड वीत लिंपत नाहीत, धूर जायला जागा ठेवतात. मी ओटीवर लवंडलो होतो. आत काहीतरी वाजलं, टक्. मग पुन्हा, टक् टक्. आई म्हणाली, "उंदरं झालीत." मी म्हणालो, "पाल असेल." तेवढ्यात सगुणेची हाक आली, "अवो! अवो, या आधी!"

आत गेलो तर ती चुलीपाशी वर तोंड करून उभी. गोमानं काठ्यांची डोकी छाटलीच नव्हती. आळशी माणूस! लिंपणाच्या वर, धुरात काळवंडून कुणाच्या लक्षात न आलेले, बोंडांचे झुबके तसेच राहिले होते. त्यांना ओल लागली आणि ती एकेक करून फुटत होती. टक् झालं की बी उडायचं, भांड्यांवर, मडक्यावर, तिच्या केसांत. "कुड बी टाकतोय, बघा तरी!" ती म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली. हसता हसता पदर पसरून मधे उभी राहिली आणि रडायला लागली, "बा, बघ रं बा." मी सूप आणलं आणि तिच्याशेजारी धरून उभा राहिलो. आई दारात येऊन म्हणाली, "दोघंबी खुळी झाली," आणि मग स्वतःच चुलीमागचं बी वेचायला बसली.

ते बी उंचवट्यावर पडलं, निम्मं कुडाच्या बाहेर पागोळीखाली आपोआप रुजलं. त्याच वर्षाअखेर आमची यमुना जन्मली. पुढचा फुलोरा आम्ही तिघांनी डोंगरावर पाहिला. यमू तेव्हा सात वर्षांची, नाकावर मध लावून हिंडत होती. तेव्हा मी शाळेला कुलूप लावून गेलो आणि साहेबाला काय वाटायचं ते वाटू दिलं. त्या झाडांचं बी पुन्हा सुपात धरलं, पुन्हा लावलं. मधे मुंबईतून प्लेगला भिऊन आलेली माणसं शेजारी राहायची. त्यांनी विचारलं, "ना फूल ना फळ, हे झाड ठेवलंय कशाला?" सगुणा म्हणाली, "राहा की आनखी चार वरसं, दावते." ती काही राहिली नाहीत.

यमू आता पोशीरला दिली आहे. मागच्या आठवड्यात तुरे दिसले तसं मी जावयांना कार्ड टाकलं, की यंदा फुलोरा आहे, यमूला माहेरी पाठवावं, तिच्या आईबरोबर ती डोंगरावर जाऊन येईल.

सकाळचं फूल पाहून आत आलो, पेज प्यालो आणि डाकेचा माणूस दारात. उत्तर आलं होतं. जावई सज्जन आहेत, अक्षरही चांगलं आहे. मी सगुणेला वाचून दाखवलं: शेताची कामं आहेत, आईला बरं नाही, नदीला पाणी आहे. सौ. यमुनेस नवरात्र झाल्यावर पाठवतो.

सगुणा तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. शेवटची ओळ घाईघाईनं उरकली.

"कुनाचं कारड हाय ओ हे?" तिनं विचारलं. "जावयाचं का तुमचं?"

जावयांना सांगावं म्हटलं तर काय सांगावं? त्यांची सगळी कारणं खरी असणार. माझीही होती. कार्डाला उत्तर म्हणून दुसरं कार्ड धाडलं तर तिसरं येईल आणि तोवर फुलांचा सडा पडलेला असेल. मी उठलो आणि गाडी सांगायला गेलो. कर्जतपर्यंत गाडी, नेरळपर्यंत आगगाडी, पुढं पोशीर. सगुणेच्या वाडीला जाताना पोशीर वाटेतच आहे. जावयांच्या आईला बरं नाही तर मी त्यांच्यापाशी बसेन, शेतात लागेल तो हात देईन, चिखल तुडवायची सवय अजून मोडलेली नाही. मायलेकींना चार दिवस पुढं जाऊ देत.

गाडी घेऊन आलो तर सगुणा ओट्यावर तयार. मांडीवर गाठोडं. ते केव्हा बांधलं, मला कळलंच नाही. बहुधा सकाळीच. मी म्हणालो, "अगं, जरा थांब, शाळेची किल्ली देऊन येतो, शेजारी सांगून येतो, आणि छत्री..."

ती गाडीत चढून बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "फूल थांबत नाय."